हुंकाराची वेळ

"आजोबा, नीट आठवून सांगा. शेवटचं धड कधी बोलल्या त्या?"

विचारणारी पोरगी माझ्या लेकीपेक्षाही लहान होती. गळ्यात नळी, हातात बोटाएवढा टॉर्च, अंबाड्यात खोचलेलं पेन. आणि ते तिथे खोचलंय हे विसरून ती खिशात दुसरं पेन शोधत होती. डॉक्टर होती. आणि मी? मला कुणी रस्ता विचारला तर मी न पाहिलेल्या गल्लीचाही पत्ता तीन वळणं, एक बंद पडलेलं सलून आणि एक लंगडं कुत्रं एवढ्या तपशिलासकट सांगतो. कुठल्या प्रश्नाला 'माहीत नाही' म्हटल्याचं मला तरी आठवत नाही. तो मी तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिलो. पडद्याच्या पलीकडे ही पडली होती. ही म्हणजे आमची ही. तिच्या तोंडाचा उजवा कोपरा खाली घसरला होता, एखाद्या चित्राचा एक खिळा निघावा तसा, आणि उजवा हात चादरीवर कुणीतरी विसरून गेल्यासारखा पडला होता. डोळे उघडे होते. ती माझ्याकडे बघत होती की माझ्यामागच्या भिंतीकडे, हे मला सांगता येत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली आणि बायको आपल्याकडे बघतेय की भिंतीकडे एवढंही सांगता येऊ नये! पण या बाबतीत भिंतीनं मला नेहमीच मागे टाकलं आहे, ते पुढे सांगतो.

पोरीनं मला समजावून सांगितलं, भराभर, पण न चिडता. मेंदूतल्या नळीत गुठळी अडकली आहे. गुठळी विरघळवणारं औषध आहे, कपाटात आहे, पाच पावलांवर. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत दिलं तरच. उशिरा दिलं तर तेच औषध मेंदूत रक्तस्राव करू शकतं, आणि मग विषयच संपला. मी म्हटलं, "अहो, एवढ्या मोठ्या त्या चक्रातून आत घालून बाहेर काढलंत ना तिला? फोटो काढलात ना डोक्याचा?" ती म्हणाली, "काढला. फोटोत रक्तस्राव नाही एवढं कळलं. गुठळी कधीची आहे ते त्यात दिसत नाही. ते दाखवणारं मशीन वेगळं असतं, आमच्याकडे नाही. जिथे आहे तिथे नेईपर्यंत वेळच जाईल." "मग कुणाला माहीत असणार?" मी विचारलं. तिनं टॉर्चचं बटण उगाच एकदा दाबलं आणि म्हणाली, "तुम्हाला."

आता माझी ओळख करून द्यायची म्हणजे पंचाईत. मी लिफ्टचा मिस्त्री होतो. शहरातल्या निम्म्या लिफ्ट मी उघडून पाहिल्या आहेत आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल मी नुसत्या गोष्टी सांगतो. आमच्या इमारतीतली पोरं मला थापेआजोबा म्हणतात, त्यांचे बाप तेच पाठीमागे म्हणतात, आणि लेक तोंडावर म्हणते. लेकीला मी इन्स्पेक्टर म्हणतो, कारण लहानपणापासून तिनं माझी एकही गोष्ट तपासल्याशिवाय आत घेतली नाही. 'बाबा, घोडा लिफ्टमध्ये मावतो का?' सहा वर्षांची होती तेव्हा तिनं विचारलं होतं, आणि दुसऱ्या दिवशी शाळेतून पट्टी आणून आमच्या लिफ्टचं दार मोजलं होतं. हिनं मात्र कधी काही मोजलं नाही. हिनं फक्त ऐकलं. रोज दुपारी जेवणं झाली, भांडी पालथी घातली, की ही पलंगावर भिंतीकडे तोंड करून आडवी होणार, मी खुर्ची ओढून पाय पलंगाच्या कडेला टेकवणार, आणि गोष्ट सुरू. तिची पाठ माझ्याकडे, माझं तोंड तिच्या पाठीकडे. मधे मधे तिकडून 'हं' यायचं. त्या हुंकारावर माझी गोष्ट चालायची, दोरावर लिफ्ट चालते तशी. नुसतं 'हं' म्हणजे चालू दे. वर उचललेलं 'हं?' म्हणजे फारच झालं. लांबवलेलं 'हंऽऽ' म्हणजे आता आटप, माझे डोळे मिटतायत. आणि एक हुंकार होता तो झोपेतला. हो, ही झोपेतही 'हं' म्हणायची. लग्नानंतर पहिल्याच वर्षी मला संशय आला, मी गोष्टीच्या मधेच म्हटलं, 'आणि मग त्या माणसानं दुसरं लग्न केलं, आणि तो माणूस मीच,' तर पाठीकडून शांतपणे 'हं' आलं. उठल्यावर मी भांडलो. ती हसून म्हणाली, "मी झोपेत हं म्हणते म्हणून तर संसार टिकलाय तुमचा."

हे सगळं त्या पोरीला कसं सांगायचं? घड्याळात पावणेसहा झाले होते. जेवून आडवे झालो तेव्हा एक वाजला होता, कारण समोरच्या शाळेची घंटा झाली आणि पोरं सुटली. ही म्हणाली, "पंखा जरा कमी करा, पाय गार पडतायत." हे वाक्य मला पक्कं आठवतंय. कर्ता, कर्म, क्रियापद, तक्रार, सगळं जागच्या जागी. मी पंखा कमी केला. त्यानंतर तिनं एकही अख्खं वाक्य बोलल्याचं मला आठवत नाही. त्यानंतर बोललो तो मी. पाच वाजायला आले तेव्हा मला जाग आली, म्हणजे मीही खुर्चीतच लुढकलो होतो, आणि चहा टाकू का म्हणून मी तिच्या पायाला हात लावला. ती वळली. वळली म्हणजे अर्धी वळली. पुढचं सगळं शेजारच्या शिंप्यानं केलं, गाडी बोलावली, तिला जिन्यावरून उतरवलं. कारण आमची लिफ्ट बंद होती. यावर हसायचं तर हसा. मीसुद्धा कधीतरी हसेन.

एक वाजल्यापासून मोजलं तर साडेपाचलाच दार बंद झालं होतं. दोन वाजता ती ठीक होती असं धरलं तर अजून पाऊण तास उघडं होतं. म्हणजे सगळा प्रश्न एवढाच उरला की माझ्या गोष्टीत ही कुठवर माझ्याबरोबर होती आणि कुठे गळून पडली. मी कॉरिडॉरमधल्या बाकावर बसलो, डोळे मिटले आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचीच गोष्ट स्वतःला ऐकवायला लागलो, मधले हुंकार शोधत. समोर हॉस्पिटलची लिफ्ट होती. तिचं दार मिटताना शेवटच्या क्षणी एक झटका खात होतं. एरवी मी उठून चार लोकांना त्याचं कारण सांगितलं असतं, त्यातली दोन कारणं खोटी. त्या दिवशी मला वाटलं, दार मिटतंय, मिटू दे.

गोष्ट जुनीच होती. चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकलेल्या लिफ्टची. खरं विचाराल तर त्या लिफ्टमध्ये दोन कारकून होते आणि बटाट्याची एक पिशवी, आणि मी त्यांना पाव तासात बाहेर काढलं. पण दोन कारकून आणि बटाटे यांच्यावर कुणी 'हं' म्हणत नाही. म्हणून कालांतरानं त्यात एक न्यायाधीश आला, एक भोंगा वाजवणारा आला, पिंजऱ्यातला पोपट घेऊन एक बाई आली, आणि कारकुनांपैकी एक निवृत्त झाला. एकूण चार जण. मी लिफ्टच्या टपावर, ते चौघे आत. न्यायाधीश आतून लिफ्टवर खटला भरतात, भोंगेवाला उलटतपासणीच्या वेळी भोंगा वाजवतो, आणि पोपट साक्ष देतो: 'दार उघडा, दार उघडा.' शेवटी लिफ्टला शिक्षा होते, जन्मभर वर-खाली. ही गोष्ट हिनं इतक्यांदा ऐकली होती की मी कुठे चुकलो तर ती पाठ न वळवता सांगायची. 'मागच्या वेळी पोपट हिरवा होता.' 'मागच्या वेळी न्यायाधीशांना मिशा नव्हत्या.' मी थापा मारायचो आणि ती त्यांचा हिशेब चोख ठेवायची. खोटं बोला, पण मागच्यासारखंच बोला, हा तिचा कायदा. घरात दोन इन्स्पेक्टर होते. मोठी इन्स्पेक्टर खरं-खोटं बघायची नाही, फक्त बदल बघायची.

आणि त्या दुपारी मी बदल केला होता. हे मला बाकावर बसल्यावर आठवलं. त्या दुपारी मी चौघांचे सहा केले होते. एक दाताचा डॉक्टर आत घातला होता आणि एक त्याचा घाबरट पेशंट. दाताच्या डॉक्टरानं पेशंटच्या दाताला दोरा बांधून दुसरं टोक लिफ्टच्या दाराला अडकवलं, आणि आता माझ्यावर सगळी भिस्त, मी दार उघडलं की दात बाहेर. झकास जमलं होतं. मी जरा थांबलो होतो, तिकडून 'मागच्या वेळी चारच होते' येईल म्हणून. आलं नाही. मी सहा म्हटलं, आणि भिंत गप्प. आणि मला काय वाटलं असेल? मला आनंद झाला. अहो, आनंद! इतक्या वर्षांनी एकदा तरी मी तिच्या नजरेतून निसटलो, माझे सहा जण तिनं बिनबोभाट आत सोडले. मी खुशीत आलो आणि सातवाही घातला. पलंगावर कदाचित त्याच क्षणी तिच्या डोक्यातली एक बारीकशी नळी तुंबत होती, तिला 'चार' हा आकडा सापडत नव्हता, आणि मी खुर्चीत बसून स्वतःची पाठ थोपटत होतो.

कदाचित. हा शब्द मला पूर्वी फारसा लागायचा नाही. कदाचित ती नुसती दमली होती. आदल्या दिवशी आम्ही पडदे धुतले होते, तिचे खांदे दुखत होते. दमलेलं माणूस दाताच्या डॉक्टरावर हरकत घेत नाही. आणि त्यानंतरही 'हं' आलं होतं, मला ऐकू आलं होतं. दात निघतो तिथे. दात निघाला, पोपटानं तो चोचीत पकडला, आणि पाठीकडून 'हं' आलं. की ते मागच्या वेळचं 'हं' होतं? पोपट दात पकडतो हे मागच्या वेळी नव्हतंच, तेव्हा ते याच दुपारचं. पण मी ते खरंच ऐकलं, की तिथे 'हं' यायलाच हवं म्हणून माझ्या कानानं ते स्वतःच घालून घेतलं? माझा कान माझाच आहे, तोही माझ्यासारखाच. आणि समजा आलं. ते जागेपणीचं की झोपेतलं? झोपेतलं 'हं' म्हणणारं डोकं धड असतं का? गुठळी अडकलेलं डोकं 'हं' म्हणू शकतं का? मला एकदम हसू यायला लागलं, रडू येतं तेव्हा येतं तसलं. अख्खं आयुष्य ज्या आवाजावर मी विसंबून होतो, त्याचा अर्थ काय, हे मी कधी विचारलंच नव्हतं. ती ऐकतेय हे मी धरून चाललो होतो. मी तिच्या पाठीशी बोलत आलो होतो आणि पाठ मला हो म्हणत आली होती.

तेवढ्यात लेक आली. ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच, एक चप्पल तुटलेली, पाय ओढत. आधी आत जाऊन आईला बघून आली. बाहेर आली तेव्हा चेहरा कोरा करून आली होती. डॉक्टर पोरीनं तिलाही तेच सगळं सांगितलं. ऐकून लेक माझ्या शेजारी बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा, दोन वाजता आई बोलली ना तुमच्याशी?"

"आठवत नाही ग."

"आठवत नाही काय? दोन वाजता तुम्ही गोष्ट सांगत होतात ना? मग ती ऐकतच असणार. हं म्हणत असणार."

"हं म्हणाली असेल. झोपेतही म्हणते ती."

"बाबा." तिनं माझं मनगट धरलं. इतकं घट्ट तिनं मला लहानपणी जत्रेतल्या पाळण्यातसुद्धा धरलं नव्हतं. "त्यांना फक्त एक वेळ हवीय. तुम्ही सांगा, दोन वाजून पाच मिनिटांनी ती म्हणाली, पाणी द्या. बस. तुम्हाला काय जड आहे हो त्यात?"

मी तिच्याकडे बघितलं. दाराची रुंदी पट्टीनं मोजणारी माझी इन्स्पेक्टर मला थाप मारायला सांगत होती. आणि थाप तयारच होती, मला जुळवावीही लागली नसती. 'पाणी द्या' म्हणाली, मी तांब्या दिला, अर्धा प्याली, म्हणाली, कोमट आहे. हे कोमट पाणी ज्या माणसाला सुचलं नाही त्यानं थापा मारूच नयेत. कोमटवर सगळे विश्वास ठेवतात. पोरगी पडद्यापाशी उभी होती, आमच्याकडे बघत, कपाट तिच्यापासून पाच पावलांवर. मी 'कोमट' म्हटलं असतं की ती वळली असती.

मी म्हटलं नाही. का म्हटलं नाही, याचं एक देखणं कारण माझ्याकडे आहे, ते आधी सांगतो. मला ज्यानं काम शिकवलं तो म्हातारा मिस्त्री, त्याला आम्ही सगळे मामा म्हणायचो, तो बोलायला माझ्याहून बेफाट होता. त्यानं म्हणे एकदा अख्खी लिफ्ट दातांत दोर धरून थोपवली होती. पण मोटारखोलीत शिरला की मामा वेगळा माणूस व्हायचा. खालून कुणी ओरडलं, 'चालू करू का?', आणि ब्रेक आपण स्वतःच्या डोळ्यांनी बघितला नसेल, तर वरून एकच उत्तर जायचं: नाही. 'बघितला असेल बहुतेक' नाही, 'काल ठीक होता' नाही. मी एकदा नवशिका असताना 'हो' म्हणून मोकळा झालो होतो, ब्रेक ठीकच होता, काही झालं नाही. तरी मामानं माझ्या कानाखाली आवाज काढला. म्हणाला, "गधड्या, थापा खाली मारायच्या. इथे नाही. आत माणसं असतात." ते मी पाळलं. खाली उतरल्यावर न्यायाधीश, पोपट, काय वाटेल ते. वर असताना मात्र बघितलं ते बघितलं, नाही ते नाही. तेव्हा मी त्या पोरीसमोर जाऊन उभा राहिलो आणि म्हणालो, "एक वाजता ती म्हणाली, पंखा कमी करा. ते पक्कं. त्यानंतर हं म्हणाली असेल, नसेल. मी गोष्टीत एक चूक केली ती तिनं पकडली नाही, ती कधी सोडत नाही. पण दमलीही होती. मला माहीत नाही."

लेकीनं माझ्यामागे भिंतीला डोकं टेकवलं. तो आवाज मला ऐकू आला, फार मोठा नव्हता.

पोरीनं फोन लावला, कुठल्यातरी मोठ्या डॉक्टरांना, आणि माझी सगळी गोष्ट त्यांना सांगितली, पोपट वगळून. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिनं मला विचारलं, "घरात आणखी कुणी ऐकलं होतं का त्यांना?" मी म्हटलं, "आमचं ऐकायला आणखी कोण येणार?" ती पाठमोरी होऊन बराच वेळ 'हो सर', 'नाही सर', 'वय जास्त आहे सर' करत राहिली. मग फोन ठेवला, अंबाड्यातलं पेन तिच्या हाताला लागलं, ते तिनं काढून त्याच्याकडे बघितलं, कुणी ठेवलं म्हणून. म्हणाली, "हं हे बोलणं म्हणून धरता येत नाही, आजोबा. शेवटचं नक्की म्हणजे एक वाजता. ते औषध आपण देत नाही आहोत. बाकीचे उपचार लगेच सुरू करतो." मग आवाज आणखी खाली आणून, जणू मीच तिचा मोठा डॉक्टर असल्यासारखं, "मला वाटतं हे बरोबर आहे," असं म्हणाली. तिचा खालचा ओठ कोरडा पडला होता. मला तिची कीव आली. मला तिला सांगायचं होतं, घाबरू नकोस, आमच्या धंद्यातही असंच असतं. पण तिला माझ्याकडून गोष्ट नको होती, वेळ हवी होती, आणि ती मी देऊ शकलो नव्हतो.

हे झालं देखणं कारण. आता दुसरं. मामा आणि ब्रेक हे सगळं मला नंतर आठवलं, घरी गेल्यावर, गॅस पेटवताना. त्या क्षणी, पडद्यासमोर, मला फक्त भीती वाटली होती. मी 'कोमट' म्हणालो असतो, औषध दिलं गेलं असतं, आणि मेंदूत रक्त पसरलं असतं, तर ती माझ्या थापेनं गेली असती. 'माहीत नाही' म्हटलं की निर्णय त्या पोरीचा. गोष्टीत सांगणाऱ्याचे हात स्वच्छ राहावेत अशी सोय मी आयुष्यभर करत आलो. मी नेहमी टपावर, लोक आत. तेव्हा ते सत्य होतं की तीही एक सोयच होती? मी आलटून पालटून दोन्ही धरून बघतो. सकाळी एक पटतं, दुपारी दुसरं. मोठ्या डॉक्टरांना मी पुढे एकदा गाठलं, जिन्यात. म्हटलं, दिलं असतं तर? ते चालता चालता थांबले, भला माणूस, म्हणाले, "दिलं असतं तर काही जण बरे होतात, काही आहेत तसेच राहतात, काही जातात. तुमच्या मिसेस कुठल्या रांगेत होत्या ते आता कुणालाच सांगता येणार नाही." म्हणजे त्यांनाही माहीत नाही. फरक इतकाच की त्यांना ते म्हणायची सवय होती.

ती घरी आली. उजवा पाय ओढत चालते, उजवा हात झोळीत. लेक आता रोज सकाळी ऑफिसला जाण्याआधी येते, आईला पुसून, वेणी घालून जाते. महिनाभर ती त्या संध्याकाळबद्दल एक शब्द बोलली नाही. मग एकदा बादलीत फडकं पिळता पिळता, माझ्याकडे न बघता म्हणाली, "घोडा मावतो म्हणालात. मगर बघितली म्हणालात. शाळेत मुलं मला हसायची, बाबा, तुमच्या गोष्टी मी खऱ्या धरून सांगायचे म्हणून. जन्मभर एकदा खरं बोला, एकदा खरं बोला म्हणून मी तुमच्यामागे लागले. आणि तुम्हाला दिवस तोच सापडला." तिनं फडकं इतकं पिळलं की त्यात पाणी उरलं नव्हतं तरी ती पिळतच होती. तिचं चुकलं असं मला म्हणवत नाही. आत ही पलंगावर होती, दार उघडं होतं, तिला सगळं ऐकू जात होतं. तिला कळतं सगळं. फक्त शब्द उरलेले नाहीत. एकच उरला आहे: 'नाही'. जेवायचं का? नाही, आणि जेवते. ऊन लागतंय, पडदा ओढू? नाही, आणि पडदा ओढला की डोळे मिटून घेते. लेकीला बघून चेहरा फुलतो आणि म्हणते, नाही, नाही, नाही. बोलणं शिकवायला बाई येतात त्यांनी समजावलं, "काहींना एखादाच शब्द शिल्लक राहतो. कुठला राहील ते आपल्या हातात नसतं. हो म्हणायचं असलं तरी तोच तोंडात येतो. तुम्ही चेहरा बघत चला." चेहरा बघत चला म्हणे. बघतो. आता तिला भिंतीकडे वळून झोपता येत नाही, त्या कुशीवर हात दुखतो. ती माझ्याकडे तोंड करून असते. इतक्या वर्षांनी तोंड माझ्याकडे आलं, आणि त्यातलं अर्धंच काही सांगतं.

गोष्टी मी बंद केल्या आहेत असं इमारतीतल्या पोरांना वाटतं. बंद नाहीत, सांगताना मी आता सारखा थांबतो, आणि थांबत सांगितलेली थाप कुणाला आवडत नाही. 'पुढे काय झालं आजोबा?' विचारतात. परवा मी एकाला म्हटलं, 'माहीत नाही रे,' तर तो खदखदून हसला. त्याला वाटलं हीच नवीन थाप.

काल सकाळी लेक आली नाही, तिला बरं नव्हतं. हिला पुसणं, वेणी घालणं मलाच करावं लागलं. वेणी मला जमली नाही; ती आरशात बघून एका बाजूनं हसली. उन्हात खुर्ची टाकून तिला बसवलं, चहा दिला, कप तिच्या डाव्या हातात नीट बसेपर्यंत धरून ठेवला. मग समोर बसलो. मनात काही ठरवलं नव्हतं, तोंडातून निघून गेलं. म्हटलं, "त्या दिवशी मी खोटं सांगायला हवं होतं का ग?"

तिनं माझ्याकडे बघितलं. म्हणाली, "नाही."

छातीवरचं काहीतरी उठून जायला लागलं होतं, पण मी पडलो जुना पापी, मला माझीच शंका. म्हणून उलटं करून विचारलं. "म्हणजे मी खरं बोललो ते बरोबर केलं?"

"नाही," ती म्हणाली. तोच आवाज, तीच पट्टी. मी चेहरा शोधला. ऊन तिच्या डाव्या गालावर होतं, डोळे बारीक झाले होते. ते उन्हानं की आणखी कशानं, मला सांगता आलं नाही. मी तिसऱ्यांदा विचारायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं कप खाली ठेवला, सांडला थोडा, आणि हात पुढे करून माझ्या शर्टाला लावला. गडबडीत मी बटणं एक घर सोडून लावली होती, शर्टाची एक बाजू वर, एक खाली. ती वरचं बटण काढायला लागली. एका हातानं, तेही डाव्या. बोट निसटायचं, काज हाती यायचा, बटण पळायचं. मी श्वास धरून, तिच्याकडे वाकून बसलो होतो. पाठ दुखायला लागली. शेवटी न राहवून मी मदतीला हात वर नेला.

"नाही," ती म्हणाली, आणि माझा हात बाजूला सारला.

हे तेवढं मला कळलं.